बर्फ, भुवई, बुक्की, बिंगो

५ फेब्रुवारी, गुरुवार

परवा सकाळी चूळ भरायला गेले आणि पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून आपलं आपणच निघून गेलं. आरशात बघितलं तर अर्धा चेहरा माझा आणि अर्धा कुठल्यातरी रुसलेल्या बाईचा. लेकीला हाक मारली. ती धावत आली आणि माझ्याकडे बघून तिचंच तोंड पांढरंफटक पडलं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अर्धांगवायू नाही, घाबरू नका, चेहऱ्याची नस सुजलीय. गोळ्या दिल्या. डावा डोळा मिटत नाही म्हणून त्यात घालायला थेंब आणि झोपताना लावायला पट्टी दिली. "दोन-तीन महिन्यांत बहुतेकांचं ताळ्यावर येतं," म्हणाले. बहुतेकांचं! एकवीस वर्षं माइकवर बोलतेय, शब्दातली पळवाट मला लगेच ऐकू येते.

बसस्टँडवर गाड्यांच्या घोषणा करते मी. स्टँडच्या मधोमध काचेची केबिन, तिच्यात मी आणि माझा माइक. माझ्या उच्चारांना नाव ठेवायची कोणाची टाप नाही. उलट मीच ड्रायव्हरपासून साहेबांपर्यंत सगळ्यांना सुधारत असते. आणि आता "फलाट" म्हणायला जावं तर ओठ मिटत नाहीत, हवा बाजूनं निसटते आणि "व्हलाट" होतं. ओठाचा कोपरा बोटानं दाबून धरला तरच जरा बरं निघतं. बोलायची सोय राहिली नाही म्हणून ही वही काढलीय. गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

साहेब घरी येऊन गेले. सफरचंदं आणली होती. मी ओढणी नाकापर्यंत ओढून बसले आणि माना डोलावल्या.

म्हणाले, "तुम्ही नाही म्हणून एक मशीन बसवलंय. रेकॉर्ड केलेला आवाज. तात्पुरतं आहे हो." मग बराच वेळ टेबलावरच्या सफरचंदांकडे बघत राहिले. सहा एप्रिलला वरच्या ऑफिसातून माणसं येणार आहेत, मशीन कायम ठेवायचं की काढायचं ते ठरवायला. त्या दिवशी मी माइकवर बसून बारा घोषणा केल्या आणि त्या स्टँडच्या टोकापर्यंत नीट कळल्या, तर केबिन माझी. नाहीतर पार्सल ऑफिसात जागा आहे.

"तिथं शांत असतं," साहेब म्हणाले. वाईट मनानं नाही म्हणाले. पण ते गेल्यावर मी रडले. रडताना डावा डोळा वेगळा आणि उजवा वेगळा रडतो, हे एक नवीन कळलं.

११ फेब्रुवारी, बुधवार

कंडक्टर बळंच मला व्यायाम शिकवणाऱ्या मुलीकडे घेऊन गेली. कंडक्टर म्हणजे माझी एकोणीस वर्षांपासूनची मैत्रीण. बेचाळीस नंबरच्या गाडीवर असते. तिकिटं फाडते आणि उलटं बोललं तर माणसंही फाडून खाते.

ती मुलगी म्हणाली, गाल फुगवा, शिट्टी वाजवा, आणि रोज अर्धा तास आरशासमोर बसून प, फ, ब, भ, म. ज्या अक्षरांना दोन्ही ओठ मिटावे लागतात ती सगळी. नुसती अक्षरं नको, शब्द म्हणा, मोठ्यानं म्हणा. आणि बोटानं ओठ धरायचा नाही, त्यानं ओठ आळशी होतो.

मी कागदावर लिहून दिलं, "आरशासमोर बसणार नाही." खरंच नाही बसणार. सगळ्यांना उच्चार शिकवत आलेली बाई मी, आता स्वतःचं वाकडं तोंड बघत "पपपप" करत बसू?

मुलीनं बिचारीनं कागदाची घडी केली. कंडक्टरनं मात्र तिला शंभर प्रश्न विचारले आणि सगळं तिकिटाच्या पाठीवर लिहून घेतलं. हिचं तोंड तर ठणठणीत आहे. हिला कशाला हवंय ते?

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

दुकानात जाऊन फिनेल मागितलं. दुकानदारानं व्हिनेगर दिलं. मी परत सांगितलं, त्यानं दुसऱ्या कंपनीचं व्हिनेगर काढलं. मागे चार माणसं उभी होती. मी ते व्हिनेगर घेऊन घरी आले.

लेक म्हणाली, "आई, मी आणलं असतं ना." मी तिला पाटीवर लिहिलं, "आता तूच आणत जा." त्यानंतर दिवसभर तोंडातून एक शब्द काढला नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस लिहायलाच हवा. सकाळी सातला कंडक्टर दारात. "ऊठ, आमच्याकडे मारामारी आहे."

मला वाटलं, नवऱ्याशी. तिचा नवरा मिस्त्री, म्हणजे गॅरेजचा मिस्त्री, माणूस गरीब गाय. पण त्याला एक वेड आहे. जाळीच्या पिंजऱ्यात दोन माणसं सोडतात आणि ती एकमेकांना हातांनी, पायांनी, कोपरांनी, गुडघ्यांनी मारतात, गळे आवळतात, तो खेळ. जगाच्या दुसऱ्या टोकाला शनिवारची रात्र असते तेव्हा इथं रविवारची सकाळ असते, म्हणून चहाबरोबर बघायचा.

वरच्या मजल्यावरच्या टेलरबाईही आल्या होत्या. साठीच्या आहेत. कात्री चालवताना हात कापत नाही, पण रक्त दिसलं की डोळे मिटतात. लेकीलाही कंडक्टरनं आधीच बोलावून ठेवलं होतं. मी कोपऱ्यात, ओढणी नाकावर.

मग मिस्त्रींनी पुठ्ठ्याची कार्डं वाटली. "ताई, आम्ही मारामारी बघताना बिंगो खेळतो. कधीपासून खेळतो." प्रत्येक कार्डावर सोळा घरं, प्रत्येक घरात एक शब्द. ती गोष्ट टीव्हीवर दिसली की तो शब्द सगळ्यांत आधी मोठ्यानं म्हणायचा आणि घरावर बटण ठेवायचं. बटणं टेलरबाईंची. एक ओळ भरली की "बिंगो" म्हणायचं. कधीपासून खेळतात म्हणे, पण कार्डं नवी कोरी होती, शाई माझ्या अंगठ्याला लागली.

नियमही भलतेच. दोन्ही हात कार्डावर हवेत, तोंडाकडे न्यायचे नाहीत. का, तर म्हणे हाताआड बटण सरकवून लोक लबाडी करतात. आणि शब्द मिस्त्रींना स्पष्ट ऐकू आला तरच धरायचा. गॅरेजच्या ठोकाठोकीनं त्यांचे कान अर्धे गेलेत.

आणि शब्द कोणी निवडले देव जाणे! पिंजरा, फास, बर्फ, भुवई, बुक्की, मिठी, भोवळ, पाठ, मुसंडी, बाटली. चौघांच्या कार्डांवर हेच, नुसती घरं इकडची तिकडं. रक्त नाही, लाथ नाही, घंटा नाही. मारामारीचा खेळ आणि लाथच नाही! माझ्या कार्डावर तर "भुवई"ची "ई" दीर्घ करायची सोडून ऱ्हस्व केलेली. मी पेन मागून दुरुस्त केलं.

पहिला तास मी बोलले नाही. एका पैलवानाची भुवई फुटली, ढळढळीत रक्त, आणि चौघं ढिम्म. मिस्त्रींना गाडीचा ढिला स्क्रू आवाजावरून कळतो, पण समोरची फुटलेली भुवई दिसेना. शेवटी न राहवून मी म्हणाले, "भुवई!" म्हणजे "व्हुवई"सारखं काहीतरी.

"काय ताई?" मिस्त्रींनी कानाला हात लावला.

"व्हुवई!"

"ऐकू नाही आलं."

पाच वेळा म्हणायला लावलं त्या माणसानं. पाचव्यांदा माझा पारा चढला आणि असं ओरडले की टेलरबाईंनी डोळे उघडले. बटण ठेवलं. बऱ्याच दिवसांचा रुसवा निघावा तशी जीभ सुटली, पण ओठ मात्र दुखायला लागले.

घरी येताना लेकीला पाटीवर लिहिलं, "रानटी खेळ आहे." आणि खाली लिहिलं, "पुढच्या रविवारी किती वाजता?"

१ मार्च, रविवार

आज भांडण झालं. जोरात. माझं आणि मिस्त्रींचं.

आजच्या कार्डावर एक घर होतं "पंच". टीव्हीवर दोघं खाली पडले, एकानं दुसऱ्याचा गळा धरला, आणि काळ्या कपड्यातला निवाडा करणारा मधे घुसून दोघांना सोडवायला लागला. मी म्हणाले, "पंच!" आणि बटण ठेवलं.

मिस्त्री म्हणाले, "ताई, बटण उचला. पंच म्हणजे तो नाही. पंच म्हणजे गुद्दा."

"गुद्द्याला बुक्की लिहिलंय ना शेजारच्याच घरात!"

"बुक्की वेगळी, पंच वेगळा. पंच सरळ येतो, बुक्की वरून येते."

असं अडाणी बोलणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मी उभी राहिले. म्हणाले, पंच म्हणजे जो दोन पक्षांमध्ये बसून निर्णय देतो तो, पंच म्हणजे पाच, पंचाईत त्यावरूनच आली, तुमच्या इंग्रजी गुद्द्यासाठी आमचा भला माणूस बाहेर काढू नका. ते म्हणाले, गॅरेजात सगळे गुद्द्यालाच पंच म्हणतात. मी म्हणाले, गॅरेजात पान्यालाही बायकांची नावं देतात, म्हणून काय माझ्या माहेरच्यांना पाना म्हणायचं? मग टेलरबाई म्हणाल्या, कापडाला भोक पाडायचं हत्यारही पंचच. मी त्यांनाही सोडलं नाही.

दहा मिनिटं भांडले. ओढणी कधी खांद्यावर घसरली कळलंच नाही. दोन कुस्त्या संपून गेल्या, टीव्हीकडे कोणाचं लक्ष नव्हतं. लेक तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत बसली होती. मी म्हणाले, "काय बघतेस? टीव्ही तिकडं आहे."

शेवटी मिस्त्री म्हणाले, "बरं, दोन्ही धरू." हरलेला माणूस इतका खूश असलेला मी पहिल्यांदाच पाहिला. स्वतःच्या हातानं माझा कप परत भरला.

घरी आल्यावर ओठ आणि गाल ठणकत होते. मनातून मात्र फार दिवसांनी स्वच्छ वाटतंय. भांडायला माणसं असणं ही किती मोठी गोष्ट आहे.

१५ मार्च, रविवार

डावा डोळा आता जवळजवळ मिटतो. ओठाचा कोपरा तेवढा अजून हट्टाला पेटलेला.

आजचं एक दृश्य डोळ्यांपुढून जात नाही. एक बाई लढत होती. हो, बायकाही लढतात, आणि माझ्या लेकीच्या वयाच्या पोरीही. पंधरा मिनिटं मार खाल्ला तिनं आणि हरली. चेहरा असा सुजला की डावा डोळा दिसेना, वरचा ओठ एका बाजूला लोंबत होता. अगदी माझाच चेहरा. मी कार्डावरचे हात उचलून डोळ्यांवर ठेवणार होते, पण नियम.

आणि पिंजऱ्यातच एका माणसानं तिच्यासमोर माइक धरला. मला वाटलं ही तोंड फिरवणार. तिनं माइक पकडला आणि बोलायला लागली. शब्द फुगून फुगून येत होते, मधेच थांबून थुंकी गिळत होती, भाषाही मला कळत नव्हती. हजारो लोक समोर. तिनं काही झाकलं नाही. बोलून झाल्यावर हसली, ते हसूही अर्धंच.

कोणीतरी म्हणालं, "माइक! माइक आहे कार्डावर!" कंडक्टर असावी. मी ओढणी काढून घडी केली आणि मांडीवर ठेवली. घरी येताना रस्त्यानं तशीच आले. दोन जणांनी वळून पाहिलं. बघू देत.

२० मार्च, शुक्रवार

दुकानातून फिनेल आणलं. फिनेलच आणलं.

२४ मार्च, मंगळवार

सहा तारीख तेरा दिवसांवर आलीय आणि "फलाट क्रमांक बारा" म्हणताना तीनदा म्हटलं तर एकदा हवा निसटतेच. रविवारी घरात ओरडणं वेगळं आणि स्टँडवर शेकडो माणसांची गाडी आपल्या शब्दावर असणं वेगळं. चुकीचा फलाट ऐकून एखादी म्हातारी भलत्याच गाडीत बसली तर? मशीनचा उच्चार ठोकळ्यासारखा आहे, पण "बारा"ला "बारा" तरी म्हणतं. कंडक्टरला म्हणाले, पार्सल ऑफिस घेते.

ती म्हणाली, "घे की. पण रविवारी यायचं. तुझ्यावाचून आमचा खेळ बसत नाही."

एवढी मोठी गोष्ट सांगतेय आणि हिला खेळाची पडलीय! पण खरं सांगायचं तर तिच्या त्या एका वाक्यानं बरं वाटलं.

२९ मार्च, रविवार

आज पहिल्याच सामन्यात माझी ओळ भरली. बर्फ, पाठ, मुसंडी, बाटली. सगळे शब्द मिस्त्रींनी पहिल्या फटक्यात ऐकले. कान तपासून आले की काय, विचारायला हवं. शेवटचं बटण ठेवलं आणि म्हणाले, "बिंगो!"

माझं मलाच दचकायला झालं. आजवर "विंगो" व्हायचं. आज दोन्ही ओठ पूर्ण मिटले आणि टप्पकन उघडले. ब. अगदी शाळेतल्या तक्त्यावरचा ब.

पण ना वाहवा, ना "कार्ड तपासू द्या". मिस्त्री चष्मा पुसत बसले. टेलरबाईंनी रक्त नसताना डोळे मिटले. कंडक्टर उठून गॅलरीत गेली आणि लेक तिच्या मागे. जिंकलेल्या माणसाचं कौतुक करायला मन मोठं लागतं, ते सगळ्यांकडे नसतं. मी म्हणाले, "हरलात की असं करायचं असतं का?"

परत आल्यावर कंडक्टर म्हणाली, "परत म्हण. ऐकू नाही आलं." मी सात वेळा म्हणाले.

६ एप्रिल, सोमवार

आधी झालं ते लिहिते.

अकराला पोचले. वरच्या ऑफिसातले दोघं, साहेब, आणि स्टँडच्या दोन टोकांना वह्या घेतलेली दोन माणसं. काय ऐकू आलं ते त्यांनी लिहायचं. केबिनच्या काचेतून चारी बाजूंनी लोक बघत होते. साहेब हळूच म्हणाले, "ओढणी घ्यायची असेल तर घ्या." मी म्हणाले, "कापडातून आवाज दबतो, साहेब."

पहिल्या चार घोषणा सरळ गेल्या. पाचवीत "फलाट"चा "फ" घसरला. माइकमधून फुस्स आवाज सगळ्या स्टँडवर गेला. कुणीतरी हसलं. माझा हात उठला होता ओठ दाबायला, पण नुसता उठला आणि परत टेबलावर बसला. गेल्या दोन महिन्यांची सवय. मी थांबले, तोंड पुसलं, आणि म्हणाले, "क्षमा असावी. घोषणा पुन्हा ऐका." आणि पुन्हा केली. त्या हरलेल्या बाईनं केली असती तशी.

सातव्या घोषणेच्या वेळी समोर बेचाळीस नंबर उभी होती. कंडक्टर पायरीवर, एक हात दांड्याला. गाडी सुटायची वेळ होऊन दोन मिनिटं गेली होती. एकोणीस वर्षांत तिची गाडी उशिरा सुटलेली मी पाहिली नाही. ती माझ्याकडेच बघत होती आणि तिचे ओठ सारखे हलत होते, काहीतरी चघळत असावी. मी माइकवर म्हणाले, "बस क्रमांक बेचाळीस, फलाट क्रमांक बारावरून सुटत आहे. कृपया प्रवाशांनी बसून घ्यावे." शेवटचा शब्द संपला, तिचंही चघळणं थांबलं, आणि तिनं जी घंटी मारली, ती ड्रायव्हर सांगतो की तुटलीय.

बाराच्या बारा झाल्या. वह्या आल्या. अकरा घोषणा दोन्ही टोकांना जशाच्या तशा उतरल्या होत्या. पाचवीपुढे एकानं लिहिलं होतं, "पहिल्यांदा नाही कळली, दुसऱ्यांदा कळली." वरच्या ऑफिसातले म्हणाले, मशीन चुकलं तर क्षमा मागून दुरुस्त करत नाही. साहेबांनी केबिनची किल्ली माझ्या हातात दिली.

ओठाचा कोपरा अजून पूर्ण वर येत नाही, कदाचित येणारही नाही. आज मला त्याचं काही वाटलं नाही.

१२ एप्रिल, रविवार

पाच दिवस माइकवर काढून आज मारामारीला गेले. पेढे म्हणून काही नाही, टेलरबाईंनी बिस्किटांचा मोठा पुडा आणला होता.

कार्डं नवीन. आणि शब्द? रक्त, लाथ, घंटा, गुडघा, टाळ्या, दात, तोल. आता सुचले यांना! दोन महिने नुसती भुवई आणि बर्फ घेऊन बसले होते. नियमही ढिले. मी मुद्दाम हात गालाला लावून बसले तरी कोणी हटकलं नाही. मी "लाथ" म्हणेपर्यंत मिस्त्रींचं बटण पडलेलंही असायचं. ज्या माणसाला फुटलेली भुवई दिसत नव्हती त्याला आज पडद्याच्या कोपऱ्यातल्या टाळ्या दिसत होत्या. ते लागोपाठ तीनदा जिंकले. टेलरबाई दोनदा. मी एकदाही नाही. माझा भर ओसरलेला दिसतो.

हरले तरी बसून होते. चहा गार झाला होता, टीव्हीवर कोणीतरी कोणालातरी तुडवत होतं, मिस्त्री आणि कंडक्टर एका बटणावरून हुज्जत घालत होते, आणि लेक टेलरबाईंच्या खांद्याला टेकून बिस्किट खात होती. मला वाटलं, या वर्षी मला जे मिळालं ते कोणाला सांगून पटायचं नाही. गोळ्यांनी नस सुधारली असेल, त्या मुलीनं व्यायाम सांगितले, पण मी तर त्यातलं एक अक्षरही केलं नाही, आरशासमोर एकदाही बसले नाही. मी फक्त दर रविवारी इथं येऊन ओरडले. आणि ओरडता ओरडता तोंड परत आलं. नशीब म्हणायचं, दुसरं काय.

एकदा वाटलं, सांगून टाकावं यांना. म्हणावं, तुम्ही आपले रविवार घालवायला पुठ्ठे कापलेत आणि त्यात माझं आयुष्य सावरलं. पण सांगितलं असतं तर मिस्त्री महिनाभर जमिनीवर उतरले नसते आणि कंडक्टरनं रडून गोंधळ घातला असता. म्हणून नाही बोलले. निघताना चौघांचे कप तेवढे विसळून ठेवले.

देव त्यांचं भलं करो. साधी माणसं आहेत, खेळात रमतात. माझ्यासाठी किती मोठं काम त्यांच्या हातून होऊन गेलं, बिचाऱ्यांना पत्ताही नाही.